कॉलम क्रमांक १३ : एका सोसायटीच्या इमारतीचा प्रकरण अभ्यास

मुंबई महानगर प्रदेशातील एका शहरात ही इमारत आजही उभी आहे. तिची व तेथील रहिवाशांची ओळख पटेल असे तपशील वगळले असून मोजमापांचे आकडे थोडे गोल केले आहेत. प्रस्तुत लेखक या इमारतीच्या दुसऱ्या संरचनात्मक तपासणीत सहभागी होता, त्यामुळे पुढील विवेचनात जी टीका येते तिचा काही भाग स्वतःवरचाही आहे.

पार्श्वभूमी

इमारत १९८६ मध्ये पूर्ण झाली. तळमजल्यावर सहा दुकाने आणि वर चार मजल्यांवर प्रत्येकी चार, अशा १६ सदनिका आहेत. सांगाडा आरसीसीचा असून त्यात २० कॉलम आहेत. त्या काळी सर्रास होत असे त्याप्रमाणे काँक्रीट जागेवरच, घमेल्याच्या मापाने, १:२:४ या प्रमाणात कालवलेले होते, म्हणजे कागदोपत्री एम-१५ दर्जाचे (१५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचे). आतील कॉलम २३० × ४५० मिलिमीटरचे असून त्यांत १६ मिलिमीटर व्यासाच्या सहा सळया होत्या. मूळ आरसीसी नकाशे सोसायटीकडे नव्हते. हे सर्व पुढे खोदून, मोजून आणि सळई शोधक यंत्राने पडताळून काढावे लागले.

अशा इमारतीत भाराचा प्रवास सरळ असतो. स्लॅबवरील माणसे, सामान व फरशी यांचे वजन बीमवर येते, बीमचे कॉलमवर, कॉलमचे पायावर आणि पायाचे जमिनीवर. एका आतील कॉलमच्या वाट्याला प्रत्येक मजल्यावर सुमारे १२ चौरस मीटर क्षेत्र येत होते. चार मजले आणि गच्ची मिळून तळमजल्याच्या आतील कॉलमवर मूळचा भार साधारण ५६ टन होता. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकातील सूत्राने या कॉलमची अंतिम क्षमता ९७ टनांच्या आसपास येते. भारावर दीडपटीची तरतूद धरली तरी ८४ टनच लागतात, त्यामुळे मूळ रचना कमकुवत होती असे म्हणता येत नाही.

इमारतीला ३० वर्षे पूर्ण झाल्यावर, २०१६ मध्ये, पहिली तपासणी झाली. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी व्हावयास हवी. प्रत्यक्षात हीच पहिली होती. तपासणी डोळ्यांनी पाहणी आणि रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून त्याची ताकद अजमावणारे उपकरण) यांवर आधारलेली होती. काँक्रीटची ताकद २२ ते २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असल्याचे नोंदवून इमारत सी-२ बी वर्गात टाकण्यात आली, म्हणजे खाली न करता दुरुस्ती करण्याजोगी. अहवालात गच्चीच्या गळतीवर दोन परिच्छेद होते आणि कॉलमवर एक ओळ. सोसायटीने आपल्या समजुतीप्रमाणे गच्चीचे काम आधी हाती घेतले. जुना विटांचा कोबा न काढता त्यावर दुसरा कोबा घातला गेला. गळती थांबली. मात्र गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २०० किलो, म्हणजे एकूण जवळपास ४० टन वजन वाढले. मधल्या वर्षांत घरोघरी जुन्या फरशीवर नवी फरशी बसवली गेली होती, हे वजन वेगळे.

अडचण समोर आली तो दिवस

जून २०१८ च्या पहिल्या आठवड्यात तळमजल्यावरील एका दुकानाचे नूतनीकरण सुरू झाले. दोन लगतची दुकाने एकाच मालकाने घेतली होती आणि त्यांच्यामधील नऊ इंची विटांची भिंत काढून एक मोठे दालन करावे अशी त्याची योजना होती. भिंतीच्या टोकाला असलेल्या कॉलमवर अनेक वर्षांपासून प्लायवूडचे पॅनेल होते. सुताराने ते उतरवले आणि थेट सोसायटीच्या सेक्रेटरींना बोलावून आणले. "साहेब, हात लावला की वाळू गळतेय," हे त्याचे शब्द सेक्रेटरींनी आम्हाला फोनवर जसेच्या तसे सांगितले. या प्रकरणातला सर्वांत अचूक निर्णय या सुताराचा होता, कारण पॅनेल परत ठोकून टाकणे त्याच्या दृष्टीने अधिक सोयीचे होते.

संध्याकाळी पाहणी केली तेव्हा कॉलम क्रमांक १३ च्या दोन कोपऱ्यांवर सळयांच्या रेषेत उभ्या भेगा होत्या, कव्हर, म्हणजे सळयांवरचा काँक्रीटचा थर, फुगून सुटले होते आणि उभ्या सळयांना बांधून ठेवणाऱ्या तीन रिंगा गंजून तुटल्या होत्या. कॉलमच्या रुंद बाजूवर, जुन्या शटरची चौकट बसवण्यासाठी पूर्वी कोणीतरी सुमारे ४० मिलिमीटर खोल छिन्नी मारलेली होती. मागच्या बाजूला वरच्या मजल्यांच्या संडास-बाथरूमचा डक्ट होता आणि तेथील ओल कॉलममधून खाली उतरत होती.

खरी काळजी वाटली ती शेजारच्या भिंतीची. ही भिंत नकाशात निव्वळ आडोशाची, भार न घेणारी म्हणून गणली जाते. परंतु तिच्या माथ्याशी बीमखालचा गिलावा चुरडून गळाला होता आणि वरच्या दोन थरांतील विटांना बारीक उभ्या चिरा होत्या. विटांच्या माथ्याशी अशा खुणा दिसतात त्या भिंत दाबाखाली आल्यावर. कॉलम झिजत आणि दबत गेला तसा त्याच्यावरचा भार बीममार्फत हळूहळू या भिंतीवर सरकला होता. ती पाडण्याचे काम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू व्हायचे होते. जेमतेम एक वर्षापूर्वी, २५ जुलै २०१७ रोजी, घाटकोपरमध्ये एक चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला होता आणि तेथेही तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांचा प्रश्न पुढे आला होता. ती आठवण ताजी असल्यामुळे दुकानमालकाने फारसा वाद घातला नाही.

पहिला निर्णय : आधी आधार, मग पुरावा

त्या रात्री हातात एकही चाचणी नव्हती. कमिटीच्या दोन सदस्यांचे म्हणणे होते की अहवाल येईपर्यंत थांबावे, कारण टेकू लागले की घबराट पसरेल आणि सदनिकांच्या किमती पडतील. आमची भूमिका अशी होती की चाचण्यांना सहा दिवस लागतील, आणि तोपर्यंत भार कोण उचलतो आहे हे आपल्याला निश्चित सांगता येत नाही. चेअरमननी रात्री साडेनऊला टेकू लावण्यास संमती दिली.

टेकू लावण्याबाबत एक गैरसमज नेहमी आढळतो, तो येथेही होता. खराबी तळमजल्यावर आहे तर टेकूही फक्त तळमजल्यावर लावावेत, असे सर्वांना वाटते. परंतु वरच्या चार स्लॅबचा भार त्या-त्या मजल्यावर कॉलममध्ये शिरून वरूनच खाली येत असतो. तळाशी लावलेले टेकू त्यातला थोडाच वाटा घेऊ शकतात. प्रत्येक मजल्याचा भार कॉलमला वळसा घालून खाली न्यायचा असेल, तर टेकू सर्व मजल्यांवर, बरोबर एकाखाली एक, कॉलमच्या दोन्ही बाजूंच्या बीमखाली लावावे लागतात. याचा अर्थ चार कुटुंबांच्या स्वयंपाकघरात आणि हॉलमध्ये लोखंडी प्रॉप उभे राहणार होते. एका घरात दुसऱ्याच आठवड्यात साखरपुडा होता.

दुसरा मुद्दा पायथ्याचा. दुकानाची जमीन भरावावर टाकलेली साधी कोब्याची होती. टेकूचे टोक तिच्यात रुतले असते, म्हणून खाली जाड लाकडी स्लीपर आणि लोखंडी चॅनेल आडवे टाकून भार पसरवला. स्क्रू जॅक हाताने घट्ट होतील इतकेच आवळले, कारण जास्त आवळल्यास बीम वर उचलला जाऊन त्याच्या माथ्यावर उलट्या भेगा पडतात. गच्चीवर रहिवाशांनी आपापल्या सोयीने ठेवलेल्या, प्रत्येकी हजार लिटरच्या पाच काळ्या टाक्या त्याच रात्री रिकाम्या केल्या. नळ उघडण्यापलीकडे काही न करता पाच टन उतरले.

त्या रात्री इमारत किंवा निदान तिचा तो भाग खाली करण्याचा आग्रह मात्र आम्ही धरला नाही. टेकूंवर विसंबून राहिलो. त्याबद्दल शेवटी.

चाचण्यांनी काय सांगितले

काँक्रीटचे गाभे, म्हणजे ताकद तपासण्यासाठी पोखरून काढलेले दंडगोल, काढताना १३ क्रमांकाच्या कॉलमला हात लावला नाही. दुबळ्या कॉलमला आणखी एक भोक पाडून त्याची दुर्बलता मोजण्यात शहाणपण नव्हते. शेजारचे तीन कॉलम आणि दोन बीम यांतून गाभे काढले. त्यांची सरासरी ताकद १० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आली. त्याच जागी रिबाउंड हॅमरने पुन्हा वाचन घेतले तेव्हा पहिल्या अहवालासारखेच, २२ ते २५ आले. अल्ट्रासॉनिक वेग, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहरी जाण्याचा वेग, २.६ ते ३.१ किलोमीटर प्रति सेकंद होता. तेव्हाच्या भारतीय मानकानुसार ३ च्या खालचे काँक्रीट संशयास्पद धरत.

हॅमर आणि गाभा यांत एवढा फरक का, हे कमिटीला समजावून सांगण्यात एक संपूर्ण बैठक गेली, आणि ती वाया गेली असे वाटत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये झिरपतो आणि त्यातील चुन्याचे रूपांतर कॅल्शियम कार्बोनेटमध्ये करतो. यामुळे पृष्ठभाग अधिक कडक होतो. हॅमर पृष्ठभागावर आपटून मागे किती उसळतो एवढेच मोजतो, त्यामुळे म्हाताऱ्या काँक्रीटला तो तरुण समजतो. याच प्रक्रियेत काँक्रीटची अल्कता घटते, आणि सळईला गंजापासून राखणारा सूक्ष्म थर त्या अल्कतेवरच टिकून असतो. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलिन हे रसायन शिंपडले असता निरोगी भाग गुलाबी होतो. येथे बाहेरचे ३५ मिलिमीटर रंगहीन राहिले. कॉलमला कव्हर ४० मिलिमीटर हवे होते, ते प्रत्यक्षात २० ते २५ मिलिमीटरच होते. याचाच अर्थ सळया कित्येक वर्षे संरक्षणाबाहेर होत्या. त्यात डक्टचे पाणी मिळाल्यावर गंज चढला. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो, म्हणून कव्हर आतून फुटते.

सळयांचे क्षेत्रफळ सुमारे चतुर्थांश घटले होते. ही घट, १० ची ताकद आणि छिन्नीने गेलेला भाग धरून कॉलम १३ ची क्षमता त्याच सूत्राने ६० टन आली. वाढलेल्या कोब्यासह व फरश्यांसह भार ६१ टन होता. जेथे दीडपट हवी तेथे एकपटही उरली नव्हती.

मग तो उभा कसा होता, हा प्रश्न सेक्रेटरींनी विचारला. एक कारण असे की सूत्रातच काँक्रीट आणि पोलाद यांची ताकद आधी कमी करून धरलेली असते, त्यामुळे ६० टन म्हणजे त्या क्षणी मोडण्याची रेषा नव्हे. दुसरे, शेजारचे बीम आणि कॉलम थोडा भार वाटून घेत होते. आणि तिसरे, ती विटांची भिंत.

पर्यायांचा विचार

पहिला पर्याय पॉलिमर मॉर्टरने डागडुजी करून रंग देण्याचा होता. सोसायटीकडे त्याचे जुने दरपत्रक तयारच होते आणि ते सर्वांत स्वस्त होते. सुटलेले कव्हर त्याने परत बसते, पण गेलेली क्षमता येत नाही. भार अंगावर घेऊन उभ्या असलेल्या कॉलमवर थापलेला मॉर्टर जुन्या भारातला एक किलोही आपल्याकडे ओढत नाही. हा पर्याय लगेच बाजूला पडला.

फायबरचे वेष्टन हा दुसरा. ते झटपट होते आणि दुकानदारांची जागा जात नाही, म्हणून दुकानदारांचा कल याकडे होता. गोल कॉलमला असे वेष्टन चांगले आवळून धरते. २३० × ४५० सारख्या चपट्या आयताला मात्र कोपऱ्यांवरच पकड मिळते, सपाट बाजूंवर नाही. शिवाय आत गंज चालू असताना वरून वेष्टन घालणे म्हणजे पुन्हा एक पॅनेल ठोकण्यासारखेच होते.

पुनर्विकासावर दोन सभा झाल्या. भूखंड लहान, समोरचा रस्ता अरुंद आणि दुकानदारांचे हक्क गुंतागुंतीचे; विचारणा केलेल्या दोन्ही विकासकांनी लेखी काही दिले नाही. हा पर्याय कोणी फेटाळला नाही, तो आपोआप विरला.

राहिला आरसीसी जॅकेटिंगचा मार्ग. जुन्या कॉलमभोवती चारही बाजूंनी १०० मिलिमीटर नवे काँक्रीट, नव्या सळया आणि नव्या रिंगा. कॉलम ४३० × ६५० चा होतो, दर मजल्याला सव्वा टनाच्या आसपास स्वतःचे वजन वाढवतो, आणि दुकानात प्रत्येक बाजूने चार इंच पुढे येतो. पायाला हा भार पेलेल का, हे पाहण्यासाठी दोन ठिकाणी खोदले. कठीण मुरमावर १.८ मीटर चौरस पाया सुस्थितीत मिळाला, ही या प्रकरणातली एकमेव सुखद बातमी.

किती कॉलमना जॅकेटिंग करायचे यावर मतभेद झाले. फक्त खराब दिसणाऱ्या सात कॉलमना करावे असा खर्चाच्या बाजूने आग्रह होता. परंतु तळमजल्यावर दुकानांमुळे भिंती कमी असल्याने भूकंपात तोच मजला लवचीक आणि दुबळा ठरतो, आणि मुंबईचा परिसर भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येतो. काही मोजके कॉलमच ताठ केले तर आडवा धक्का त्यांच्यावरच एकवटतो. शेवटी तळमजला व पहिला मजला येथे सर्व २० आणि दुसऱ्या मजल्यावर नऊ, असे ठरले. गच्चीवरील दोन्ही कोबे काढून एकच हलका जलरोधक थर देण्याचाही निर्णय त्याच बैठकीत झाला.

प्रत्यक्ष काम

गाभ्यांचे निकाल आल्यावर, सहाव्या दिवशी, इमारत सी-२ ए वर्गात, म्हणजे खाली करून दुरुस्ती करण्याजोगी, धरून त्या बाजूच्या आठ सदनिका आणि सर्व दुकाने खाली करण्यात आली. साखरपुडा शेजारच्या सभागृहात झाला.

कामाचा क्रम गच्चीपासून सुरू केला. कोबा फोडताना निघालेला राडारोडा गच्चीवरच रचू न देता रोजच्या रोज खाली उतरवला. डक्टमधील पाइप बदलले, कारण गळती चालू ठेवून खालचा कॉलम दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. त्यानंतर एका वेळी एकच कॉलम, आणि लगतचे दोन कधीही लागोपाठ नाहीत, या नियमाने जॅकेटिंग घेतले. खराब काँक्रीट छिलणे, सळया घासून त्यावर गंजरोधक लेप देणे, नव्या-जुन्याला जोडणारे अँकर रसायनाने बसवणे, आणि नव्या उभ्या सळया स्लॅबला भोके पाडून वरच्या मजल्यात नेणे. हे शेवटचे काम ठेकेदार टाळू पाहत होता, कारण वरच्या घरातील फरशी फोडावी लागते. सळया स्लॅबखालीच संपल्या असत्या, तर जॅकेट कॉलमभोवतीचा नुसता झगा ठरले असते.

तिसऱ्या कॉलमवर चूक झाली. पाऊस लागल्याने काम मागे पडले होते, म्हणून मजुरांनी चारही बाजू एकदम छिलल्या. पहिल्या मजल्यावरील भिंतीच्या भेगेवर आम्ही काचेच्या पट्ट्या चिकटवून ठेवल्या होत्या; दुपारी त्यातली एक तडकली. घरात राहणाऱ्या आजींनी ती पाहून लगेच खाली कळवले. काम थांबवले, त्या कॉलमचे टेकू दुप्पट केले आणि दोन दिवस पट्ट्यांवर नजर ठेवली. भेग पुढे सरकली नाही. त्यानंतर एका वेळी समोरासमोरच्या दोनच बाजू छिलायच्या, आणि छिलताना आमचा माणूस हजर असल्याशिवाय छिन्नी उचलायची नाही, हा नियम ठेकेदाराकडून लेखी घेतला. तो आधीच घ्यायला हवा होता.

कॉलम १३ सर्वांत शेवटी घेतला. शेजारचे सर्व कॉलम भक्कम झाल्यावर त्याच्यावर छिन्नी चालवणे अधिक सुरक्षित होते. त्याचे टेकू काँक्रीट ओतल्यानंतर २८ दिवसांनी, गच्चीखालच्या मजल्यापासून सुरुवात करून वरून खाली असे सोडवले, म्हणजे प्रत्येक मजला क्रमाने कॉलमवर विसावत गेला.

परिणाम

रहिवासी सुमारे पाच महिन्यांनी परतले. एकूण खर्च २०१६ च्या डागडुजीच्या दरपत्रकाच्या तिपटीहून अधिक झाला. दोन दुकानांतील उपयुक्त जागा घटली आणि त्याची भरपाई मासिक शुल्कातील सवलतीच्या रूपाने द्यावी लागली; हा वाद बांधकामापेक्षा जास्त काळ चालला. मधली भिंत जागेवरच राहिली. जॅकेटिंगनंतर हिशेबाने ती काढता आली असती, परंतु सभेने परवानगी दिली नाही आणि आम्हीही शिफारस केली नाही.

२०२१ च्या तपासणीत दोन कॉलमच्या माथ्याशी नव्या काँक्रीटच्या आकुंचनाच्या बारीक रेषा आढळल्या, त्या भरून घेतल्या. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरील कॉलमांत अल्कतेची घट तेवढीच खोल आहे. तेथे भार कमी असल्याने आज धोका नाही, पण ओल लागू न देणे एवढाच त्यांचा बचाव आहे. आता इमारत किती वर्षे टिकेल, असे प्रत्येक सभेत विचारले जाते. आम्ही आकडा दिलेला नाही.

वेगळे काय करता आले असते

२०१६ च्या तपासणीत तीन-चार गाभे काढले असते तर हॅमरचे आकडे तेव्हाच उघडे पडले असते. पॅनेल, फॉल्स सीलिंग, कपाटे यांमागे झाकलेले कॉलम पाहिलेच नव्हते, आणि न पाहिलेल्या कॉलमांची यादी अहवालात नव्हती. आता आम्ही ती यादी पहिल्या पानावर देतो. गच्चीच्या दुसऱ्या कोब्यासाठी सोसायटीने अभियंत्याला विचारले नाही हे खरे, पण अहवालाने गळतीचा उपाय सुचवताना वजनाचा उल्लेखही केला नव्हता.

पहिल्या रात्रीचा प्रश्न मात्र आमचा आहे. टेकू लागल्यावर आम्ही रहिवाशांना घरी झोपू दिले. निकाल आल्यावर मागे वळून पाहता, त्या सहा रात्रींत किमान कॉलम १३ च्या रेषेतील चार घरे आणि दोन दुकाने रिकामी असायला हवी होती. टेकू अर्धे रात्री आणि अर्धे सकाळी लागले. मधल्या तासांत सगळी मदार एका विटांच्या भिंतीवर होती आणि तिच्यावर किती भार आहे हे कोणी मोजलेले नव्हते. घबराटीची भीती कमिटीला होती, आणि तिचा थोडा अंश आमच्यातही उतरला होता.

दुकान पुन्हा सुरू होताना मालकाला नव्या, जाड कॉलमभोवती पॅनेल हवे होते. सभेत बरीच चर्चा होऊन तडजोड झाली : पॅनेल खिळ्यांऐवजी स्क्रूवर बसवायचे आणि दरवर्षी मे महिन्यात ते उतरवून कॉलम सेक्रेटरींना दाखवायचा. काम त्याच सुताराने केले.